फॉलोअर आहेत, गिऱ्हाईक कुठे आहे?

छोट्या व्यवसायांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

यंदा आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: पोस्ट टाकतो, लाइक मिळतात, विक्री मात्र होत नाही. त्यातली सात पत्रं इथे घेतली आहेत. धंदा आपला नाही म्हणून एखादं उत्तर वगळू नका. फराळवाल्यांच्या उत्तरातलं बरंचसं चपलांच्या दुकानालाही लागू पडतं.

प्रश्न: मी घरगुती फराळ आणि मसाले करते. इन्स्टाग्रामवर साडेतीन हजार फॉलोअर आहेत, पोस्टला शंभर-दीडशे लाइक येतात. तरी गेल्या दिवाळीत आलेल्या ऑर्डर सगळ्या ओळखीतूनच आल्या. काय चुकतंय?
— गृहउद्योजिका, डोंबिवली

साडेतीन हजारांपैकी डोंबिवली, कल्याण, ठाणे या पट्ट्यात किती जण राहतात ते आधी पाहा. अकाउंट ‘प्रोफेशनल’ केलेलं असेल तर इनसाइट्समध्ये, म्हणजे अकाउंटच्या आकडेवारीत, फॉलोअरची शहरं दिसतात. तिथे इंदूर, नागपूर, पुणे वरती असतील तर कारण बहुधा तुमच्या रेसिपीच्या पोस्टमध्ये आहे. चकलीची भाजणी कशी करायची हे दाखवलं की घरी करून बघणारे जमतात. विकत घेणाऱ्याला भाजणीचं प्रमाण नको असतं. डबा केवढा, वजन किती, किंमत काय आणि माझ्या घरी कधी येईल, एवढंच त्याला हवं असतं. रेसिपी बंद करा असं नाही, पण दिवाळीआधीच्या दोन महिन्यांत चारातल्या तीन पोस्ट डबा, भाव आणि तारीख सांगणाऱ्या असू द्या.

आता प्रोफाइल. नावाच्या रकान्यात फक्त ब्रँडचं नाव असेल तर शोधणाऱ्याला तुम्ही सापडणार नाही. तो रकाना शोधात धरला जातो, म्हणून तिथे ‘घरगुती फराळ डोंबिवली’ हे शब्द हवेत. बायोला 150 अक्षरांची मर्यादा आहे. त्यात ‘प्रेमाने बनवलेलं’ यावर जागा घालवू नका. काय मिळतं, कुठे पोहोचवता आणि ऑर्डर कशी द्यायची, एवढंच लिहा. खाली व्हॉट्सॲपची थेट लिंक द्या. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमधल्या व्यवसायाच्या साधनांत ही लिंक तयार मिळते, आणि ‘मला फराळाचं दरपत्रक पाठवा’ असा मजकूर तिला आधीच जोडता येतो. हाताने लिंक बनवताना चूक होते ती नंबरात: आधी 91, मग दहा आकडे. अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा ठेवली की लिंक उघडत नाही. दुसऱ्याच्या मोबाइलवरून एकदा दाबून बघा.

सगळ्यांत मोठी गळती ‘किंमतीसाठी मेसेज करा’ या ओळीतून होते. रात्री अकराला कुणी भाव विचारतं, तुम्ही सकाळी उत्तर देता, तोवर तिचं मन दुसरीकडे गेलेलं असतं. बऱ्याच जणी तर विचारतच नाहीत, कारण विचारलं की घ्यावं लागेल असं वाटतं. स्पर्धकाला भाव कळेल ही भीती सोडा. त्याला कळून घ्यायचा असेल तर तो एक डबा मागवूनही कळेल. दरपत्रक चित्रातच छापा: पदार्थ, ग्रॅम, रुपये, घरपोच खर्च, ऑर्डरची शेवटची तारीख. इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट वर टाचून ठेवता येतात. त्यातली एक दरपत्रकाची, दुसरी कुठे आणि कधी पोहोचवता याची, तिसरी गिऱ्हाइकाने परवानगी देऊन पाठवलेल्या फोटोची.

दिवाळीचं वेळापत्रक उलटं मोजत या. दिवसाला किती किलो होतं ते आधी कागदावर लिहा. समजा सगळं मिळून दिवसाला 6 किलो होतं आणि हाताशी 12 दिवस आहेत, म्हणजे 72 किलो. तुटफूट आणि नमुने धरून 65 किलोच्याच ऑर्डर घ्या. साधारण 35 दिवस आधी दरपत्रक फक्त जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवा, त्यांना आठ दिवसांची आघाडी द्या. तीन आठवडे उरले की इन्स्टाग्रामवर उघडा आणि ‘इतके किलो उरले’ हे खरं असेल तसं सांगत राहा. दहा-बारा दिवस आधी ऑर्डर बंद. निम्मे पैसे आगाऊ घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी ‘सासूबाईंनी घरीच केलं’ असे फोन येतात आणि माल अंगावर पडतो. ओल्या नारळाच्या करंज्या अगदी शेवटच्या दोन दिवसांसाठीच ठेवा आणि दरपत्रकात त्या कधीपर्यंत टिकतात ते लिहा. व्हॉट्सॲप बिझनेसमधली लेबलं वापरा: ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे बाकी’, ‘पोहोचलं’. ऑर्डरी वहीत आणि चॅटमध्ये अशा दोन ठिकाणी विखुरल्या की हमखास एक डबा राहून जातो.

दोन गोष्टी कायद्याच्या. घरच्या स्वयंपाकघरातून विकत असलात तरी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. तिचा 14 आकडी क्रमांक पाकिटावर छापा आणि दरपत्रकावरही टाका, नव्या माणसाचा त्याने विश्वास बसतो. आणि मेथीच्या लाडवांनी मधुमेह बरा होतो, सांधेदुखी जाते असं कधीही लिहू नका. आजार बरा करण्याचे असे दावे 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यात अडकू शकतात.

प्रश्न: आमचं साड्यांचं दुकान आहे. एकाकडून दहा हजार नंबर विकत घेतले आणि सॉफ्टवेअरने सगळ्यांना ऑफर पाठवली. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप नंबर बंद झाला. आता?
— दुकानदार, नाशिक

ॲपमध्ये पुन्हा तपासणीची विनंती करण्याचा पर्याय दिसतो, तो वापरा आणि ते सॉफ्टवेअर काढून टाका. नंबर परत मिळेलच असं धरू नका. घडलं काय ते समजून घ्या: अनोळखी माणसाला मेसेज गेला, त्याने ‘ब्लॉक’ आणि ‘रिपोर्ट’ दाबलं. थोड्या वेळात असं अनेकांनी केलं की नंबर बंद होतो. नवा नंबर घेऊन तीच यादी वापरलीत तर तोही जाईल.

सुरुवात दुकानातल्या काउंटरपासून करा. एका ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवणारी यादी) 256 जण बसतात, आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. त्यामुळे बिल करताना क्यूआर कोडचं कार्ड पुढे करा, गिऱ्हाइकाकडून पहिला मेसेज येऊ द्या आणि तिथेच नंबर सेव्ह करायला सांगा. ‘नवीन माल आला की कळवू का?’ हे विचारून ‘हो’ म्हणणाऱ्यांनाच यादीत घ्या. एकच यादी नको. लग्नाचा बस्ता बांधणारे, पैठणी घेणारे आणि रोजच्या वापराच्या साड्या नेणाऱ्या शिक्षिका यांना एकच मेसेज गेला तर तिघांनाही तो निरुपयोगी वाटतो. महिन्याला दोन ते चार मेसेज पुरे. ‘नको असेल तर थांबा असं पाठवा’ ही ओळ ठेवा आणि कुणी पाठवलं तर त्याच दिवशी नाव काढा.

स्टेटसवर तीस फोटो कुणी बघत नाही. पाच-सहा टाका, प्रत्येकावर कोड नंबर आणि किंमत लिहा. कोड नसला की ‘ती निळी कुठली होती?’ यात अर्धा दिवस जातो. फोटो दिवसा, दाराशेजारी काढा. ट्यूबलाइट आणि ऊन एकत्र आले की रंग बदलतो आणि साडी परत येते. एका साडीचे तीन फोटो: काठ जवळून, पदर पूर्ण उघडून, ब्लाउजपीस वेगळा. हातमागाची आहे की यंत्रमागाची हे स्पष्ट लिहा. येवल्याच्या विणकराचं पोट त्या एका शब्दावर आहे, आणि जाणकार गिऱ्हाईक तुम्हाला त्याच शब्दावर जोखतं.

हजारोंना मेसेज पाठवायचेच असतील तर व्हॉट्सॲपची अधिकृत व्यावसायिक सेवा आहे. तिथे पैसे लागतात आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. एका दुकानाला बहुधा तिची गरज पडत नाही.

प्रश्न: देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. दलालाला न देता पुण्यात थेट पेट्या विकायच्या आहेत. जाहिरातीला पाच हजार बाजूला ठेवलेत. पोस्ट ‘बूस्ट’ करू का?
— बागायतदार, सिंधुदुर्ग

पाच हजारांतून 18 टक्के जीएसटी वजा होतो, म्हणजे प्रत्यक्ष जाहिरातीला सुमारे 4,237 रुपये उरतात. नुसतं बूस्ट करून, म्हणजे पैसे देऊन तीच पोस्ट जास्त लोकांना दाखवून, लाइक वाढवण्यात ते घालवू नका. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती जिथून चालवतात त्या ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन ‘व्हॉट्सॲपवर मेसेज’ हे उद्दिष्ट ठेवा, म्हणजे जाहिरात दाबणारा थेट तुमच्या चॅटमध्ये येतो.

सबंध पुणे निवडू नका. तुमचा टेम्पो ज्या दोन पट्ट्यांत फिरणार, उदाहरणार्थ कोथरूड-कर्वेनगर आणि औंध-बाणेर, तिथेच नकाशावर खूण करून घेर आखा. हडपसरहून एका पेटीची ऑर्डर आली तर ती पोहोचवण्यातच नफा जातो. दोन जाहिराती करा. एकीत आढी, म्हणजे गवतात पिकायला ठेवलेले आंबे, उघडतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ, दुसरीत भरलेल्या पेटीचा फोटो आणि त्यावर किंमत. दोन्ही मिळून रोज 300 रुपयांनी पाच दिवस चालू द्या, मधे हात लावू नका. प्रत्येक मोठ्या बदलानंतर यंत्रणा पुन्हा नव्याने शिकायला लागते. तिला नीट बसायला एका जाहिरातसंचावर (एकत्र चालणाऱ्या जाहिरातींच्या गटावर) आठवड्याला साधारण 50 निकाल, इथे चौकशा, लागतात, म्हणून थोडक्या पैशांचे पाच संच पाडू नका. एकच ठेवा.

पाच दिवसांनी हिशोब असा मांडा. समजा 1,500 रुपयांत 50 जणांनी चौकशी केली, म्हणजे चौकशी 30 रुपयांना पडली. त्यातल्या पाच जणांनी पेटी घेतली, म्हणजे ऑर्डर 300 रुपयांना पडली. सगळा खर्च जाऊन पेटीमागे 400 सुटत असतील तर 100 हातात राहिले, आणि त्याच घराची दुसरी पेटी जाहिरातीशिवाय जाते. चौकशाच कमी आल्या तर फोटो किंवा भाग चुकला आहे. चौकशा भरपूर पण पेटी एकच गेली, तर जाहिरातीला दोष देऊ नका. भाव, उशिरा जाणारं उत्तर किंवा विश्वास, यांतलं काहीतरी कमी पडलंय.

विश्वासाचा मुद्दा हापूसला फार मोठा आहे, कारण परराज्यातला आंबा देवगड म्हणून खपवला जातो हे पुणेकराला पक्कं ठाऊक आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर इथल्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते चिन्ह वापरण्यासाठी बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली असावी लागते. केली असेल तर प्रमाणपत्र दाखवा, नसेल तर चिन्ह छापू नका. झेल्याने (फळ झेलणाऱ्या जाळीच्या काठीने) फळ उतरवतानाचा, देठ ठेवून कापतानाचा, गवतात आढी लावतानाचा व्हिडिओ कुठल्याही शिक्क्याइतकाच बोलतो. ‘कार्बाइडमुक्त’ हे मिरवण्यासारखं नाही. कार्बाइडने फळ पिकवायला मुळात बंदीच आहे.

दरपत्रकात ‘मोठा, मध्यम’ असं लिहू नका, एका फळाचं वजन ग्रॅममध्ये द्या. पेटी तयार आहे की चार-पाच दिवसांनी तयार होईल, हे प्रत्येक ऑर्डरला कळवा. सगळे आंबे एकाच दिवशी पिकले म्हणून नाराज होणारी गिऱ्हाइकं बरीच असतात. आणि साक्याबद्दल, म्हणजे फळाच्या आतल्या खराब गराबद्दल, आधीच बोला. साका बाहेरून दिसत नाही, ना तुम्हाला ना त्यांना. ‘कापलेल्या फळाचा फोटो त्याच दिवशी पाठवा, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त देऊ’ असं लिहून ठेवलंत तर भांडण टळतं आणि दुसरी पेटीही जाते. मोहोर आला म्हणून पूर्ण पैसे घेऊन नोंदणी करू नका. अवकाळी आला तर पैसे परत करण्याची पाळी येते.

प्रश्न: कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, कारागीर घरचेच. सगळे सांगतात रील करा. पण मोबाइलसमोर बोलता येत नाही, आणि गाजलेलं गाणं लावायला गेलं तर ते सापडतच नाही.
— कोल्हापूर

गाणं न सापडण्याचं कारण हक्कांत आहे. व्यवसायाच्या अकाउंटला सिनेमातली बरीच गाणी जाहिरातीसाठी वापरायची परवानगी नसते. त्यासाठी अकाउंट पुन्हा ‘पर्सनल’ करण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. इनसाइट्स आणि जाहिरातीची सोय जाते आणि हक्कांचा प्रश्न तसाच राहतो. तुमच्याकडे गाण्यापेक्षा चांगला आवाज आहे: रापीने चामडं कापतानाचा, हातोडी पडतानाचा, नवी चपल पायात करकरतानाचा. पंखा बंद करा आणि तोच रेकॉर्ड करा.

बोलायचीही गरज नाही, हात दाखवा. मोबाइलची काच कापडाने पुसा. निम्मे धूसर व्हिडिओ तेवढ्याने सुधारतात. कारागिराला दाराच्या बाजूला बसवा, म्हणजे उजेड एका अंगाने येईल. दार पाठीमागे आलं की हात काळे दिसतात. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड स्थिर करा, नाहीतर हात हलला की चित्र उजळतं-मावळतं. मोबाइल उभा, स्टँडवर. प्रत्येक दृश्य तीन सेकंदांचं, एकूण वीस ते तीस सेकंद. पहिलं दृश्य दुकानाच्या पाटीचं नको. वेणी विणणाऱ्या बोटांचं किंवा तळ दुमडून दाखवल्याचं हवं. मजकूर मराठीत, मोठा आणि पडद्याच्या मध्यभागी ठेवा. खालची पट्टी नावाखाली आणि उजवी कड बटणांखाली झाकली जाते. एका सकाळी चार रीलचं चित्रण करून ठेवा आणि आठवड्याला दोन टाका.

विषय कमी पडणार नाहीत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कसं कमावतात, खरं चामडं आणि रेक्झिन यातला फरक, पावसाळ्यात चपल का घालू नये, तेल कधी लावावं. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटकचे प्रत्येकी चार जिल्हे येतात. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्यावर हा विषय देशभर गेला. लोकांना आता ऐकायचंय, आणि ते सांगण्याचा हक्क कारागिराचा आहे.

परत येणाऱ्या जोडांचं मुख्य कारण माप असतं, म्हणून एक रील मापावरच करा आणि वर टाचून ठेवा. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना कागदावर उभं राहून बाह्यरेषा काढायची, टाच ते सर्वांत लांब बोट हे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं आणि कागदाचा फोटो पाठवायचा. ‘मला आठ नंबर लागतो’ यावर ऑर्डर घेऊ नका. बुटाचा आठ आणि कोल्हापुरीचा आठ एक नसतो. रील चाललं की नाही हे लाइकवरून ठरवू नका. किती जणांनी सेव्ह केलं, पुढे पाठवलं आणि किती मेसेज आले ते बघा.

प्रश्न: आमच्या छोट्या हॉटेलच्या रीलसाठी एक फूड ब्लॉगर आठ हजार मागतोय. द्यावेत?
— सातारा

त्याच्या शेवटच्या तीन रीलच्या इनसाइट्सचं स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. स्क्रीनशॉट नको, तो बनवता येतो. बघणाऱ्यांच्या शहरांत सातारा पहिल्या दोनांत नसेल तर नाही म्हणा. असेल तर लेखी ठरवा: एक रील, तुमच्या अकाउंटसोबत जोडून टाकलेली, थाळीची किंमत, पत्ता आणि वेळ पडद्यावर, तो व्हिडिओ सहा महिने जाहिरातीत वापरण्याची मुभा. निम्मे आधी, निम्मे नंतर. पैसे किंवा फुकट जेवण दिलं असेल तर ही जाहिरात आहे असं त्याने स्पष्ट लिहिलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेचे 2021 चे आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याचे 2023 चे नियम तेच सांगतात. फॉलोअर विकत देतो म्हणाला तर तिथेच बोलणं थांबवा. ते खोटे फॉलोअर तुमची पोस्ट बघत नाहीत, त्यामुळे खऱ्यांनाही ती कमी दाखवली जाते.

प्रश्न: माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मलाही इन्स्टाग्राम हवं का?
— लातूर

नको. पंप जळाला की शेतकरी रील बघत नाही, ‘जवळचं मोटर रिवाइंडिंग’ असं गूगलवर शोधतो किंवा गावातल्या ग्रुपवर विचारतो. तुमचा वेळ गूगल बिझनेस प्रोफाइलला द्या, ते फुकट आहे. नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावात ‘स्वस्त, बेस्ट, लातूर’ भरलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पडताळणीसाठी अनेकदा व्हिडिओ मागतात. रस्ता, पाटी, शटर उघडताना तुम्ही आणि आतली हत्यारं हे सगळं न थांबता एकाच चित्रणात घ्या. तुकडे जोडलेला व्हिडिओ नाकारला जातो. गूगलवरची चॅटची सोय 31 जुलै 2024 ला बंद झाली, त्यामुळे फोन नंबर आणि वेळ बिनचूक हवी. हंगामात रात्री उशिरापर्यंत उघडं असेल तर तसं भरा.

मोटर परत देताना पुनरावलोकन मागा, क्यूआर कोड पुढे करा. त्याबदली सवलत देऊ नका, ते नियमात बसत नाही. वाईट शेरा आला तर दिवसभरात तीन वाक्यांत उत्तर द्या: काय झालं, काय करणार, कुठे फोन करायचा. तिथे वाद घालू नका, कारण ते उत्तर पुढचं गिऱ्हाईक वाचणार असतं.

प्रश्न: केकची ऑर्डर घेतली, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला, केक गेला, पैसे आलेच नाहीत. त्यातच आता ‘मेटा सपोर्ट’ म्हणून अकाउंट बंद होणार असल्याचा मेसेज आलाय.
— बेकरी, पणजी

स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. स्वतःच्या बँकेच्या किंवा यूपीआय ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय केक हलवायचा नाही, हा नियम दुकानातल्या मुलालाही सांगा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील’ म्हणणारा चोरच असतो. ‘चुकून जास्त पाठवले, फरक परत करा’ हाही तोच डाव: आधी जमा तपासा. फसवणूक कळताच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मेटा ही इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी, पण त्या ‘सपोर्ट’च्या मेसेजमधली लिंक दाबू नका. हक्कभंगाची भीती घालून पासवर्ड आणि कोड काढून घेण्याची ती रीत आहे. खरी सूचना असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये अकाउंटची स्थिती तपासता येते, तिथे बघा. आजच इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲप तिन्हींवर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. बॅकअप कोड कागदावर लिहून घरी ठेवा, मोबाइलच्या गॅलरीत नाही. फेसबुक पेजला घरातला आणखी एक विश्वासू माणूस ॲडमिन करा, म्हणजे तुमचा मोबाइल हरवला तरी पेज हातात राहतं. आणि ज्या मुलाने पेज बनवून दिलं त्याच्या ई-मेलवर ते असेल तर याच आठवड्यात स्वतःच्या ई-मेलवर आणि नंबरवर करून घ्या.